एकतीस नियमांचं काय करायचं?

प्रश्न : मी काही वर्षं पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते आहे. येत्या वर्षी नववीचे तीन वर्ग माझ्याकडे आले आहेत, प्रत्येकात साधारण चाळीस मुलं. आमच्याकडे प्रत्येक विषयशिक्षकाने पहिल्या आठवड्यात ‘अपेक्षा आणि नियम’ असं पत्रक वाटायचं आणि त्यावर पालकांची सही आणायला सांगायची, अशी पद्धत आहे. आधीच्या बाईंचं पत्रक मला नमुना म्हणून मिळालं. त्यात एकतीस नियम आहेत. उशिरा दिलेल्या कामाचे रोज दहा टक्के गुण कापले जातील, काम न दिल्यास शून्य, एकदा दिलेले गुण बदलणार नाहीत, तासाला फक्त इंग्रजीतच बोलायचं, एआय वापरल्यास शून्य, फोन दिसला तर जप्त, तास चालू असताना शौचालयाला जायचं नाही, समास इतका सोडायचा, शाई अमुकच रंगाची, वगैरे. वाचून मलाच धडकी भरली. पण सहकारी म्हणतात, ‘नववीची मुलं आहेत, पहिल्या दिवशी सैल सोडलंत तर वर्षभर डोक्यावर बसतील.’ हे पत्रक असंच माझ्या नावाने देऊ का? नाहीतर काय ठेवू आणि काय काढू? शिवाय एका मुलाबद्दल आधीच ऐकून आहे की तो कुठलंच लेखी काम देत नाही. त्याचं काय करायचं?
— नववीला घाबरलेली एक शिक्षिका

उत्तर :

बाई, असंच देऊ नका. ते कडक आहे म्हणून नव्हे, त्यातले निम्मे नियम तुम्हालाच पाळता येणार नाहीत म्हणून. नियमपत्रक मुलांसाठी असतं असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे शिक्षकाने दिलेला शब्द असतो : अमुक झालं तर मी तमुक करीन. मुलगा नियम मोडून मोकळा होतो. पुढचं सगळं तुमच्या गळ्यात येतं.

तेव्हा पेन्सिल घ्या आणि प्रत्येक नियमापुढे लिहा, हा मोडला तर मी नेमकं काय करणार. ‘समज देणार’ हे उत्तर धरायचं नाही. मग स्वतःला विचारा, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने मोडला तरी हेच करीन का? ज्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर होतात, त्याने मोडला तर? जिथे हात अडखळेल तो नियम खोडा. माझा अंदाज आहे की दहा-बाराच्या वर उरणार नाहीत. त्यातलेही काही शाळेचेच निघतील, म्हणजे हजेरी, गणवेश, उशिरा येणं. ते इंग्रजीच्या बाईंनी पुन्हा लिहायचं कारण नाही.

किरकोळ गोष्टी आधी उरकून टाकते. समास आणि शाई यांच्या जागी ‘वाचता येईल असं लिहा’ एवढं पुरे. शौचालयाचा नियम आजच काढा, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या वर्गात तो ठेवणं मला तरी कळत नाही. फोनबद्दल शाळेचा जो नियम असेल तोच तुमचा. शाळेचा नसेल तर ‘फोन दप्तरात, मी सांगेन तेव्हाच बाहेर’ ही एक ओळ लिहा. युनेस्कोनेही २०२३च्या शिक्षण-अहवालात हेच सुचवलं आहे की वर्गात उपकरण यावं ते शिकायला मदत होत असेल तरच. जप्तीच्या भानगडीत पडू नका. जप्त केलेला फोन तुमच्या टेबलातून हरवला, तर त्यानंतरचा महिना तुमचा इंग्रजी शिकवण्यात जाणार नाही.

आता उशिरा दिलेल्या कामाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. रोज दहा टक्के कापायचे, हे ऐकायला शिस्तीचं वाटतं. हिशोब करून बघा. वीस गुणांचा निबंध. एका मुलीने सोळा गुणांचा लिहिला, पण पाच दिवस उशिरा दिला. रोजचे दोन कापले, उरले सहा. दुसऱ्या मुलाने वेळेवर दिला, पण त्याला वाक्य धड जुळवता येत नाही, त्यालाही सहा. वर्षाच्या शेवटी तुमच्या वहीत दोन सहा शेजारी-शेजारी बसलेले असतील आणि कुणाला व्याकरण शिकवायचं नि कुणाला वेळेचं भान, हे त्या आकड्यांवरून तुम्हालाही सांगता येणार नाही. पालक तर दोघांनाही ‘इंग्रजी कच्चं आहे’ असंच समजतील. शिवाय पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं स्वतःच हिशोब घालतात. आता देऊन काय मिळणार? आणि ते काम कधीच येत नाही. उशिराचं काम लवकर यावं म्हणून केलेला नियम ते कायमचं बुडवतो.

माझं या सगळ्या पत्रकाबद्दल एकच म्हणणं आहे आणि ते इथेच सांगून टाकते : इंग्रजीच्या गुणांनी फक्त इंग्रजी सांगावं. वेळ पाळली का, वही नीट होती का, वर्गात कसा वागला, हे महत्त्वाचं नाही असं अजिबात नाही. ते वेगळ्या रकान्यात लिहा, पालकांना वेगळं सांगा, त्यावर वेगळा उपाय करा. निबंधाच्या गुणांत ते कालवलंत की दोन्ही गोष्टी दिसेनाशा होतात.

मग उशिराचं करायचं काय? मी हे तीन भागांत लिहीन. तारखेच्या आधी येऊन सांगितलं तर दोन दिवस जास्त मिळतील, कारण विचारणार नाही. मुलांना खोटी आजारपणं सांगायला लावण्यापेक्षा हे बरं, आणि ‘आधी सांगणं’ ही सवय त्यांना पुढे कुठेही उपयोगी पडते. न सांगता उशीर झाला तर काम तपासलं जाईल, गुण पूर्ण मिळतील, पण सविस्तर शेरे मिळणार नाहीत, कारण माझा तपासायचा वेळ ठरलेला आहे आणि तो वेळेवर दिलेल्यांचा आहे. हे मुलांना पटतं, त्यात सूड दिसत नाही. आणि शेवटची तारीख पक्की : तो घटक संपला की त्या घटकाचं राहिलेलं काम शाळेतच, ठरलेल्या वेळी, माझ्यासमोर बसून पूर्ण करायचं. काम न करण्याची शिक्षा म्हणजे ते काम करणं. याहून जाचक शिक्षा नववीच्या मुलासाठी शोधून सापडणार नाही. पण ठरलेली वेळ खरोखर ठरलेली हवी. आठवड्यातला एक दिवस, अर्धा तास, आणि त्या दिवशी तुम्हीही थांबायचं. ते जमणार नसेल तर हा नियम लिहूच नका.

शून्याची गोष्ट याच्या शेजारचीच. एका मुलीची पाच कामं धरा : चार वेळा शंभरपैकी ८०, एकदा काम दिलंच नाही म्हणून शून्य. सरासरी ६४. एकाही कागदावर तिला ६४ मिळालेले नाहीत. ती ८०ची विद्यार्थिनी आहे आणि तिने एक काम बुडवलं आहे, ही दोन वाक्यं खरी आहेत. ६४ हे तिसरंच काहीतरी आहे. अमेरिकेतल्या अनेक शाळांत ६०च्या खाली नापास, आणि वरच्या चार श्रेणींना जेमतेम दहा-दहा गुणांची जागा, त्यामुळे तिथे एक शून्य आणखी खोल खड्डा पाडतं. त्यावर तिथे बरीच वर्षं वाद चालू आहे. काही ठिकाणी उपाय म्हणून कोऱ्या कागदालाही किमान ५० द्यायची पद्धत निघाली. मला तीही पसंत नाही. न लिहिलेल्या निबंधाला ५० देणं हाही खोटाच आकडा. तिथे ‘अपूर्ण’ लिहा आणि वर सांगितलेल्या अर्ध्या तासात ते पूर्ण करून घ्या. सत्राअखेर तरीही अपूर्ण राहिलं तर शाळेच्या नियमाप्रमाणे काय ते होईल, पण तोवर दार उघडं राहतं.

‘एकदा दिलेले गुण बदलणार नाहीत’ हा नियम इतिहासाच्या चाचणीत कदाचित चालेल. लेखन शिकवणाऱ्या तासाला तो शोभत नाही. लिहायला शिकायचं म्हणजे पुन्हा लिहायला शिकायचं. पहिल्या खर्ड्यावर न्याय करून टाकला तर दुसरा खर्डा लिहील कोण? पुन्हा लिहू द्या, पण फुकट नको. नव्या कागदासोबत तीन ओळी हव्यात : काय बदललं, का बदललं, आणि कुठला शेरा पटला नाही. नुसता शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेला कागद परत. आणि प्रत्येक निबंधाला ही सवलत एकदाच, नाहीतर एक अर्धा गुण वाढवायला रोज तुमच्या टेबलाभोवती गर्दी होईल.

इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केला होता. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं, नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की शेरा वाचायचं कारण उरत नाही, हे कुठल्याही शिक्षकाने वह्या वाटताना पाहिलेलं असतं : मुलं आधी स्वतःचे गुण बघतात, मग शेजाऱ्याचे, मग वही दप्तरात. म्हणून वह्या परत देताना फक्त शेरे लिहून द्या, तासातली दहा मिनिटं ते वाचून दुरुस्ती करायला द्या, आणि गुण दोन दिवसांनी सांगा. पत्रकात हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे ‘बाई, मार्क किती?’ चा गलका निदान कमी होईल. थांबणार नाही.

तपासण्यावरून आठवलं. तुमच्या पत्रकात ‘दर आठवड्याला एक निबंध’ असा नियम असण्याची दाट शक्यता आहे, तुम्ही ‘वगैरे’त तो घातला असेल. तीन वर्ग, चाळीस मुलं, १२० वह्या. एका निबंधाला आठच मिनिटं धरली तरी ९६० मिनिटं, म्हणजे सोळा तास. दर आठवड्याला. हे होत नाही. मग होतं काय, तर वही उघडून ‘पाहिले’ अशी सही मारली जाते, आणि आपण काहीही लिहिलं तरी बाई वाचत नाहीत हे मुलांना पंधरा दिवसांत कळतं. त्यानंतर तुम्ही कितीही कडक नियम लावा. तेव्हा लिहायला भरपूर द्या, तपासायला थोडं घ्या. वर्गात लिहिलेल्या चार तुकड्यांतला एक मुलाने स्वतः निवडून द्यावा. तिन्ही वर्गांचे निबंध एका आठवड्यात घेऊ नका. आणि कुठल्या दोन गोष्टी तपासणार हे आधी सांगा : या वेळी परिच्छेदांची जोडणी आणि भूतकाळाची रूपं, बस्स. सगळ्या चुका लाल करणं हे प्रामाणिकपणाचं लक्षण मानलं जातं. जॉन ट्रस्कॉट या अभ्यासकाने १९९६मध्ये, दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातलं व्याकरण असं सुधारत बसून काही साधत नाही, असं ठासून लिहिलं. डेना फेरिस यांनी त्यांना तितकंच ठासून उत्तर दिलं, आणि अभ्यासकांमध्ये हा वाद पुढे बराच रंगला. तो त्यांचा त्यांना लखलाभ. लाल रेघांनी भरलेलं पान मुलगा पुन्हा उघडत नाही, हे बघायला संशोधन लागत नाही.

‘फक्त इंग्रजीतच बोलायचं.’ या नियमामागची इच्छा मला कळते. आठवड्यातले तेवढेच तास मुलांच्या कानावर आणि जिभेवर इंग्रजी येणार, तेही मातृभाषेत घालवायचे का? पण हा नियम लावलेल्या वर्गात बसून बघा. इंग्रजी वाढत नाही, बोलणं कमी होतं. ज्यांना येतं ते चार जण बोलतात आणि बाकीचे छत्तीस जण शिस्तीत गप्प बसतात. मग कुणी मातृभाषेत बोललं तर दंड, कुणी गळ्यात पाटी, असे प्रकार सुरू होतात. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाला लाकडाचा एक तुकडा बाळगायला लावत, ‘वेल्श नॉट’ म्हणत त्याला. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तो तुकडा त्याच्याकडे जायचा, आणि शेवटी ज्याच्या हाती राहील त्याला शिक्षा. मुलं त्यातून इंग्रजीपेक्षा चुगली लवकर शिकली असतील, असं मला नेहमी वाटतं.

त्याऐवजी कामागणिक भाषा ठरवा. जोडीत संवाद म्हणायचा आहे, तेव्हा इंग्रजी. कवितेत नेमकं काय चाललंय हे शोधायचं आहे, तेव्हा कुठलीही भाषा, पण शेवटी सापडलेलं दोन वाक्यांत इंग्रजीत सांगायचं. तुमच्याशी रोजचं बोलणं, म्हणजे पुस्तक विसरलं, पुन्हा सांगा, कळलं नाही, एवढं इंग्रजीतच. त्यासाठी लागणारी दहा-पंधरा वाक्यं भिंतीवर लावून ठेवा. बोलताना मध्ये थांबवून चूक सुधारणार नाही, हे पत्रकात लिहून द्या. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या आसपास विज्ञानाच्या तासांना मोजून पाहिलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच पुढे बोलू लागतात. ती वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. हे स्वतःच्या भाषेत विज्ञानाचं उत्तर देताना. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला किती वेळ लागत असेल?

एआयच्या नियमावर तुम्हाला जास्त वेळ घालवावा लागेल, कारण आधीच्या बाईंची एक ओळ इथे अजिबात पुरत नाही. ‘वापरल्यास शून्य’ ठीक, पण वापरलं हे ठरवणार कसं? चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच पुढच्या जानेवारीत यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारं एक साधन काढलं आणि ते पुरेसं अचूक नाही म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषकांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरीने निम्म्याहून जास्त निबंध ‘यंत्राने लिहिले’ असे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. कारण सरळ आहे. ही साधनं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते पाहतात, आणि जो भाषा शिकतो आहे तो बेताच्या शब्दांत, पाठ झालेल्या रचनांत लिहितो. म्हणजे प्रामाणिकपणे घासून लिहिणारं तुमचं मूल त्या साधनाला सगळ्यात संशयास्पद दिसणार. त्या टक्केवारीच्या जोरावर एकालाही शून्य देऊ नका.

मी असं लिहीन. गुणांसाठी असलेल्या प्रत्येक लेखनाचा पहिला खर्डा वर्गात, हाताने. घरी एआयला शब्दाचा अर्थ विचारणं, वाक्य का चुकलं हे विचारणं, सरावाचे प्रश्न मागणं चालेल. वाक्यं लिहून घेणं चालणार नाही. वापरलं असेल तर शेवटी एका ओळीत सांगायचं, सांगितलं म्हणून गुण कापले जाणार नाहीत. आणि संशय आला तर आधी पाच मिनिटं बोलणं : हा शब्द का घेतलास, हा परिच्छेद इथे का, हे तुझ्या शब्दांत सांग. सांगता आलं तर विषय संपला. नाही आलं तर तेच काम समोर बसून पुन्हा. ‘चोरी’ हा शब्द त्या पाच मिनिटांच्या आधी तोंडातून जाऊ देऊ नका, मुलं तो कधी विसरत नाहीत. मित्राच्या वहीतून किंवा गाईडमधून उतरवलेल्या कामालाही हीच वाट लागू करा. तो तर आपला जुना रोग आहे, उगाच यंत्राला एकट्याला नावं ठेवायला नकोत. आणि तुम्ही प्रश्न काढायला एआय वापरणार असाल तर मुलांना सांगून टाका. त्यांना ते कळणारच आहे.

एकतीस नियमांची तुम्ही जेवढी यादी दिलीत, त्यात वाचनाबद्दल एक अक्षर नाही. माझा या पत्रकावरचा खरा आक्षेप हा. काय करू नये याचे एवढे नियम, आणि ज्याने भाषा येते त्याची अपेक्षाच नाही! वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी १९८०च्या सुमारास फिजीमधल्या ग्रामीण शाळांत एक साधी गोष्ट केली होती. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या चौथी-पाचवीच्या वर्गांत त्यांनी गोष्टींची भरपूर पुस्तकं नेऊन ठेवली आणि रोज ठरावीक वेळ ती वाचायला दिली. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांच्या तुलनेत ही मुलं वाचण्यात आणि ऐकून समजण्यात आधी पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षाअखेर लेखनातही. ती तुमच्या मुलांपेक्षा लहान होती, हे मान्य. पण नववीतल्या मुलाने आवडीचं काही वाचलं तर त्याचं इंग्रजी बिघडेल असं कुणी अजून दाखवलेलं नाही. तासाची पहिली दहा मिनिटं वाचन, पुस्तक ज्याचं त्याने निवडायचं. चित्रकथा चालेल, खेळाडूचं चरित्र चालेल, दहा पानांनंतर कंटाळा आला तर बदललेलं चालेल. त्यावर सारांश लिहायला लावू नका, गुण तर नकोच. आणि त्या दहा मिनिटांत तुम्हीही वाचा. हजेरी नंतर घ्या.

डोक्यावर बसण्याची भीती : सहकारी म्हणतात ते अर्धंच खरं आहे. या वयाची मुलं सौम्य शिक्षकाच्या डोक्यावर बसत नाहीत, ज्याचा नेम नाही अशाच्या बसतात. काल चाललं ते आज चालत नाही, एकाला चाललं ते दुसऱ्याला चालत नाही, हे त्यांना सगळ्यात आधी दिसतं. पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी तुमची परीक्षा बघेलच. बहुतेक ते उशिराच्या कामावरूनच असेल. त्या वेळी आवाज न चढवता पत्रकात लिहिलंय तेवढंच, ना कमी ना जास्त, करा. त्या दिवशी सगळा वर्ग बघत असतो. ‘नियम मुलांकडूनच करून घ्या’ असा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. खरोखर त्यांच्या हातात द्यायचं असेल तेवढंच द्या, म्हणजे बसायची रचना, जोड्या कशा बदलायच्या, वाचनाची वेळ तासाच्या सुरुवातीला की शेवटी. आधीच ठरवलेलं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा खेळ नववीची मुलं ओळखतात.

पत्रक एका पानाचं करा. अर्ध्या पानात मुलांकडून काय हवं ते, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही काय कराल ते : निबंध किती दिवसांत परत मिळेल, चाचणीची तारीख किती आधी कळेल, समजलं नाही तर तुम्ही कुठे आणि कधी भेटाल. हा दुसरा अर्धा भाग आधीच्या पत्रकात नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पालकांसाठी ते त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत असू द्या. इंग्रजीची अपेक्षा इंग्रजीतच कळवण्याचा हट्ट नको. नुसती सही म्हणजे वाचल्याचा पुरावा नव्हे. सहीच्या वर एक प्रश्न ठेवा : ‘आपल्या पाल्याच्या इंग्रजीबद्दल मला माहीत असावं असं काही?’ बहुतेक कागद कोरेच येतील. जे चार-पाच लिहून येतील, ते मात्र तुम्हाला वर्षभर पुरतील. आणि वाटण्याआधी मुख्याध्यापकांना दाखवा. उशिराचं काम आणि शून्य याबद्दल शाळेचा सर्वांसाठी एक नियम असेल तर तुम्हाला एकटीला वेगळं वागता येणार नाही. तसं असेल तर शाळेचा नियम पाळा, पण शाळेत बसून काम पूर्ण करण्याचा अर्धा तास ठेवाच, त्याला सहसा कुणाची हरकत नसते.

तो काहीच लिहून न देणारा मुलगा. त्याच्याबद्दल जे ऐकलंत ते त्याला कळू देऊ नका, आणि पहिल्या आठवड्यात त्याला नियम तर दाखवूच नका. त्याला लिहायचं नाही की लिहिता येत नाही, हे आधी शोधायला हवं. नववीपर्यंत येऊनही एक सबंध परिच्छेद वाचता न येणारी मुलं असतात, आणि ‘नालायक’ म्हणवून घेणं त्यांना ‘येत नाही’ म्हणवून घेण्यापेक्षा सोपं जातं. वाचनाच्या दहा मिनिटांत त्याच्याजवळ बसून हळू आवाजात अर्धं पान वाचून घ्या. अडखळला तर त्याचं गृहपाठाचं गणितच वेगळं : त्याला निबंध नको, वर्गात बसून तीन वाक्यं हवीत, आधी तोंडी सांगून मग लिहिलेली, आणि गरज पडली तर शाळेतल्या विशेष शिक्षकांची मदत. वाचता आलं आणि तरी लिहीत नसेल, तर त्याला विचारा, शेवटचं कधी आणि काय लिहिलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं. मग गप्प बसा. इथे तीन सेकंद पुरणार नाहीत.

पत्रक आणि पहिला तास यांची गाठ मात्र घालू नका. शाळेने पहिला आठवडा म्हटलं आहे, पहिला तास नव्हे. पहिल्या दिवशी मुलांना काहीतरी वाचू द्या, पानभर लिहू द्या, आणि ते १२० कागद घरी नेऊन गुण न देता नुसते वाचा. पत्रक चौथ्या दिवशी वाटा. तोवर त्यातली एक-दोन वाक्यं तुम्हाला बदलावीशी वाटतील.